घरामागच्या खोलीची नोंद

२००० सालच्या उन्हाळ्यात, शाळेला सुटी लागायच्या आधीच, जनगणनेआधीची घरयादी करायला देवळीजवळचं एक गाव माझ्याकडे आलं. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका, राहायला देवळीला. दारांवर गेरूने नंबर टाकायचे, छप्पर मातीच्या कवेलूंचं की टिनाचं ते लिहायचं, आणि एका चुलीवर जेवणारे एक कुटुंब धरायचं.

एक शेतकरी म्हणाला, "पाच जनं लिवा. आमी दोघं, दोन पोरं अन् माही बहीन."

लिहून निघाले तर मागे टिनाची खोली दिसली. दाराशी चूल, चुलीवर भाताचं पातेलं.

"ढोरायचं कुटार ठेवतो तिथं," तो म्हणाला. मी पुढच्या घरी गेले.

चाऱ्याच्या खोलीत चूल कशी, हे संध्याकाळी घरी बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "एका घरानं काय फरक पडते?" मला काही ते पटलं नाही. सकाळी पहिल्या एसटीने परत गेले. त्या शेतकऱ्याची बहीण वावरातून कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन येत होती. नवऱ्याने टाकल्यापासून ती माहेरीच होती.

"जेवण भावाकडं करता का?"

"माही चूल अलग हाय, मॅडम." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "पन लिवू नोका. भाऊ मले राहू देनार नाई."

या कागदाने मालकी ठरत नाही, असं मी तिला समजावलं. नियमाप्रमाणे वेगळं कुटुंब लिहिलं, प्रमुख तीच. टिनाच्या दारावर गेरूने नंबर टाकला.

दुपारी भाऊ शाळेत आला. "माह्या एका घराचे दोन घरं काऊन केले?"

"घर तुमचंच आहे, चूल तिची आहे."

तो सायकल वळवून गेला. माझं मात्र वर्गात लक्ष लागेना.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माणसं मोजायला गेले, तेव्हा खोलीला कुलूप होतं. ती सिंदी मेघेले घरकामाले गेली, असं तिच्या वहिनीने सांगितलं. मी 'रिकामी' लिहिलं, पण रविवारी शहरालगतच्या सिंदी मेघेच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका नव्या बंगल्याच्या अंगणात ती कपडे वाळत घालताना सापडली.

"भावानं काढलं का?"

"नाई. तो नंबर पुसून राह्यलता, मी पाहून राह्यलती. मंग मीच निघाली."

"इथं मोजलं तुम्हाला?"

"हो. मालकिनीच्या कागदात, सर्वायच्या खाली. आता चूल त्यायचीच."

तिने पाणी दिलं. अर्धं पिऊन मी पेला तिच्या हातात दिला.