आमच्या घरचा डावखुरा

जो माणूस माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो, त्याच्याबद्दल मला आधी शंका येते. हा मूळचा स्वभाव की नोकरीनं लावलेली खोड, ते आता वेगळं काढता येणार नाही. वीज कंपनीत मीटर तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. नशिराबादपासून पहूरपर्यंत लोकांच्या ओट्यावर उभं राहून मी मीटरची सीलं बघत आलो. धूळ खाल्लेलं, कोळ्यानं जाळं केलेलं मीटर दिसलं की मी फारसा रेंगाळत नाही. पुसून चकचकीत केलेलं दिसलं की थांबतो. आणि घरमालक न विचारता चहा सांगायला आत पळाला, तर मान वर करून तारेवर चोरीचा आकडा शोधायला लागतो.

मुलीला बघायला धुळ्याहून मुलगा आला, तो मला असाच पुसून आणल्यासारखा वाटला.

शंकेला सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. स्थळ आणलं माझ्या साडूनं. या साडूनं आजवर कुणाचं भलं करण्यासाठी स्वतःच्या मोबाइलचा एक कॉल खर्च केलेला नाही. तो एकदम फोन करून सांगतो, "भाऊ, मुलगा इंजिनियर, घरात तो आणि आई दोघंच, आणि तुमच्यासारखाच खेळाचा नाद, फुटबॉलचा." साडूला खेळ म्हणजे क्रिकेट एवढंच ठाऊक. माझ्या बास्केटबॉलला तो ‘हातानं खेळायचा फुटबॉल’ म्हणतो. मग नादाचं प्रमाणपत्र हा कुठून देतो? त्यात आमची मुलगी धुळ्यातच कॉलेजात शिकवते, शनिवार-रविवार जळगावला येते. आधीच्या स्थळांचे फोटो तिनं बघितलेसुद्धा नव्हते. या वेळी म्हणाली, "येऊ देत की." आणि मग, कांदा चिरता चिरता, सहज म्हटल्यासारखं, "पण बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन."

ते सहज नव्हतं. तिचा सुरीचा हात थांबला होता. म्हणजे सगळं माझ्या हो-नाहीवर आलं, आणि ते माझ्यावर आलंय हे मला मुद्दाम कळवण्यात आलं.

आता आमच्या घरातल्या वादाबद्दल सांगायला हवं. जगातले मोठे खेळाडू, फुटबॉलचे आणि बास्केटबॉलचे, एकाच रांगेत उभे करायचे आणि पहिला कोण, दुसरा कोण ते ठरवायचं, हा उद्योग आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. दोन खेळांची तुलना होत नाही म्हणतात. आमच्याकडे होते. रविवारी वरणबट्टी अंगावर आली की मी, मुलगी आणि नाइलाजानं बायको, अशी बैठक बसते. खेळाडूंची खरी नावं घेत नाही, कारण ती परदेशी नावं माझ्या वडिलांच्या जिभेवर कधी बसली नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली आणि पुढे तीच पद्धत पडली. बास्केटबॉलमधला एक खांब. फुटबॉलमधला एक बुटका, जो चार जणांच्या पायांतून चेंडू काढतो आणि वर निरागस चेहरा करतो. एक नवरदेव, गोल केल्यावर आधी केस सावरणारा. हे दोघे मुलीनं घरात आणले. आणि सगळ्यांच्या वर, कायम पहिला, डावखुरा. तो बास्केटबॉलचा, आणि माझा.

वादाचा नियम एकच. आकडेवारी सांगायची नाही. किती गोल, किती गुण, किती पदकं, ते पेपरवाल्यांसाठी. आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच बोलायचं. हा नियम माझा. माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली ती याच नियमात बसवून.

पारोळ्याजवळ आमचं गाव. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, विहिरीच्या पायरीवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं आणि खाटेला खिळले. मी तेव्हा नोकरीच्या शोधात घरीच होतो. त्यांना उठवणं, धुणं, कूस बदलणं माझ्याकडे. टीव्ही पुढच्या खोलीत, आबांची खाट मधल्या खोलीत, आणि टीव्हीची वायर तिथवर पोचत नव्हती. मग मी लोखंडी कपाटाचं दार एका अंगाला उघडं ठेवलं. त्या दाराच्या आरशात पुढच्या खोलीतला टीव्ही बरोबर दिसायचा. अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटे लागत. आबांना झोप नसे. त्यांच्या पाठीला उशी लावून मी खाटेच्या कडेला बसायचो आणि आम्ही दोघं आरशातला बास्केटबॉल बघायचो.

गुणांचे आकडे उलटे दिसायचे. आबा विचारायचे, "कितला व्हयनात रे?" आणि मी मनातल्या मनात आकडे सुलटे करून सांगायचो. आकडे उलटे आहेत हे मला रोज कळत होतं. हातही उलटा दिसत असेल, हे एकदाही डोक्यात आलं नाही. एक खेळाडू उडी मारायचा आणि चेंडू हलकेच सोडायचा, डाव्या हातानं. आबा स्वतः डावखुरे. शाळेत त्या हातावर छड्या खाल्लेले. त्यांनी त्या माणसाला पाहिलं आणि मानेनंच जरा वर सरकायचा प्रयत्न केला. "हाऊ डावखुरा भारी शे," ते म्हणाले. "याले कोनी मारं नही वाटस."

आबा त्याच उन्हाळ्यात गेले. डावखुरा मात्र राहिला.

पुढे पेपरात त्याचा फोटो आला, चेंडू उजव्या हातात. मी काय केलं असेल? छापणाऱ्यांनी फोटो उलटा लावला, असं ठरवून मोकळा झालो. मुलगी मोठी झाली, तिनं मोबाइलवर जुनी फीत दाखवली. मी म्हटलं, मोबाइल चित्र उलटं दाखवतो. तिनं चित्र थांबवलं आणि त्याच्या छातीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडा सुलटा होता. मग मी पंख्याकडे बघत तिला आरशाची आणि आबांची गोष्ट सांगितली. तिनं मोबाइल बाजूला ठेवला. म्हणाली, "जाऊ द्या बाबा. आपल्या घरात तो डावखुराच."

ही गोष्ट आम्हा तिघांपलीकडे कुणाला माहीत नाही. बाहेर मी त्याच्याबद्दल बोलतच नाही. बाहेर सगळे क्रिकेटवाले.

तर तो मुलगा. पोहे आले, चहा आला. बायकोनं ठेवणीतले कप काढले होते, तेही मी नोंदवून घेतलं. मुलगी ट्रे ठेवून बसली आणि तिनं मुलाकडे बघितलंच नाही. पहिल्यांदा बघणारी मुलगी चोरून एकदा तरी बघते. ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मी सहज खेळाचा विषय काढला. "तुमचा पहिला कोण? फुटबॉल, बास्केटबॉल, दोन्ही धरून."

"बास्केटबॉलवालाच, काका," तो म्हणाला. फुटबॉलचा चाहता असं साडूनं सांगितलं होतं. फुटबॉलवाला इतक्या सहजासहजी पहिला नंबर सोडत नाही, जीव गेला तरी नाही.

"आणि तो केस सावरणारा?"

"तो दिखाऊ आहे जरा. तुम्ही म्हणता ते बरोबर." मी अजून काही म्हटलंच नव्हतं.

"खांबाचं काय?" मी मुद्दाम घरचं नाव टाकलं. परक्या माणसानं विचारायला हवं, खांब म्हणजे कोण. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "खांब मोठाच, पण डाव्या हाताची ती नजाकत त्याच्यात कुठून येणार?"

माझा कप बशीवर जरा जोरात टेकला. बायको आत गेली. मुलीची नजर कॅलेंडरवरून हलली नाही, फक्त कान लाल झाले.

ज्यानं त्या माणसाला एकदा जरी पडद्यावर पाहिलं असेल, तो डावा हात म्हणणार नाही. डावा म्हणणारे जगात आम्ही तिघं. आबांसकट चौघं. म्हणजे या पोराला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं, आणि कुणी ते मला कळायला मीटर उघडून बघायची गरज नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलीनं खरं सांगितलं असतं, ती खोटं बोलत नाही, आणि मग मला चिडावं लागलं असतं. राग आला होताच. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. दोघांचं आधीपासून जमलेलं असेल, असू दे, आता काय ते दिवस राहिलेत का? पण माझ्यासमोर उभं राहायला त्याला उत्तरं पाठ करून यावं लागलं. माझी मुलगी मला परीक्षक समजते. आणि आमच्या घरात जे कोपऱ्यात जपून ठेवलेलं होतं, तेच तिनं त्या पोराच्या हातात दिलं, मला खूश करायला. आबांचा हात असा वापरला. मी ठरवलं, नाही म्हणायचं. आज माझ्यापुढे पाठ करून बोलणारा उद्या तिच्यापुढेही पाठ करून बोलेल. ती बिचारी मान डोलावणाऱ्याच्या घरात पडेल आणि तिला कळणारही नाही.

तरी रीत होती, मुलाचं घर बघायला जायचं. पुढच्या रविवारी एकटाच धुळ्याला गेलो. बायकोला म्हटलं, तू नको, एस.टी.त तुझे गुडघे धरतात. खरं म्हणजे मला साक्षीदार नको होता.

धुळ्याच्या देवपूर भागात दोन खोल्यांचं घर. दारातलं मीटर मळलेलं होतं, एवढं बरं वाटलं. मुलाची आई साधी बाई. "बठा ना भाऊ, आपलंच घर शे," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मुलगा समोर बसला. टीव्ही चालू होता, फुटबॉलचा कुठलातरी जुना सामना. त्यानं रिमोट शोधायला हात घातला, मी म्हटलं, राहू दे.

"एकच विचारतो," मी म्हटलं. "आमचा तो पहिला नंबर. चेंडू कोणत्या हातानं टाकायचा?"

त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उजव्या, काका."

"त्या दिवशी डावा म्हणालास."

"तुमच्या घरी बसलो होतो."

मी काहीच बोललो नाही. तपासणीत मी हेच करतो. गप्प उभा राहतो, समोरचा आपण होऊन बोलतो. तो बोलला, पण मला वाटलं होतं ते नाही.

"खरं सांगू? माझ्या क्रमात तो पाचवा. पहिला बुटका. तो केस सावरणारा तिसरा, आणि तुम्ही त्याला दिखाऊ म्हणता ते मला अजिबात पटत नाही. मी भांडायचं ठरवूनच आलो होतो. तिनं बजावलं होतं, बाबांशी भांड, हो ला हो करणाऱ्यावर ते दुप्पट संशय घेतात. पण तुम्ही समोर बसलात, चष्म्यातून असं बघितलंत, आणि माझी दातखीळच बसली. जे सुचेल त्याला हो म्हणत गेलो."

"आणि डावा हात? तोही तिनंच पढवला ना?"

"पढवला नाही, काका." तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "ती म्हणाली, बाकी सगळ्यांवर भांड. डावखुऱ्याला मात्र हात लावू नको. तो खेळाडू नाही, आमचे आजोबा आहेत."

आतून बट्टी तळल्याचा वास येत होता. मी टीव्हीकडे बघायला लागलो. बुटक्यानं चार जणांच्या पायांतून चेंडू काढला असावा, मला नीट दिसलं नाही. चष्मा काढून पुसला, तरी नाही. त्याची आई ताट घेऊन आली आणि मला बघून मुलावर डाफरली, "काय बोलना रे तू पाव्हनाले?"

"काही नाही ताई," मी म्हटलं. "क्रमावरून चाललंय आमचं. तुमच्या पोरानं माझ्या माणसाला पाचवा टाकलाय."

मग जेवता जेवता आम्ही जे भांडलो, त्यात शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. नवरदेवावरून तर मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. मुलगा मागे हटला नाही. त्याचं म्हणणं सगळं चुकीचं होतं, पण ते त्याचं स्वतःचं होतं.

जळगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी सोमवारची रजा टाकून थांबली होती, हेही मी नोंदवून घेतलं. दार तिनंच उघडलं. पाणी दिलं. बायको देवापाशी वात लावत होती आणि तिचे दोन्ही कान आमच्याकडे होते.

"काय म्हणाला?" मुलीनं विचारलं. आवाज अगदी बेताचा.

"मी त्याला हात विचारला."

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "मग?"

"उजवा म्हणाला."

ती खाली बसली. तिला वाटलं, संपलं. मी घोटभर पाणी प्यालो.

"मी त्याला सांगितलंय," मी म्हटलं, "धुळ्यात उजवा म्हण, कुठेही उजवा म्हण. या घरात जावई म्हणून आलास की डावा."