सदाची चिलखती गाडी

जे लिहायला बसलो आहे ते माझ्या बायकोला माहीत नाही, भावांना नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी ते शब्दांत आणलं नाही. बारा वर्षं झाली. तुम्ही माझे कोणी लागत नाही, वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहितो — बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी सौंदडचा. धंदा सुताराचा. बैलांच्या बंड्या, नांगर, दाराच्या चौकटी, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांसाठी लाकडी नंदी. माझ्या हाताला सफाई आहे असं लोक म्हणतात. ते म्हणतात तेव्हा मी मान खाली घालतो, चांगला माणूस घालतो तशी. त्या खाली घातलेल्या मानेची मला शिसारी येते.

माझ्या ओसरीवर फळीवर एक गाडी आहे. चिलखती गाडी — लढाईत वापरतात तसली, सगळीकडून पोलादानं झाकलेली, वर फिरता बुरूज, बुरजाला तोफेची नळी. माझी अर्थात सागवानाची आहे. फुटाला एक इंच या मापानं केलेली, दीड फूट लांब. चाकं बिजा झाडाच्या टणक लाकडाची. बुरूज खरोखर फिरतो. वरचं झाकण पत्र्याच्या बिजागरीवर उघडतं. साकोलीपासून लोक ती बघायला आले आहेत. मित्राच्या आठवणीसाठी केली म्हणून मोठ्या शाळेतल्या गुरुजींनी पोरांना रांगेनं आणून दाखवली, आणि म्हणाले, मैत्री बघा याला म्हणतात.

मित्र म्हणजे सदा. आमच्याच आळीतला. बाप लहानपणी गेलेला, माय आणि तो, दोघंच. थोडं धानाचं वावर. आम्ही एकाच पाटीवर शिकलो, एकाच बोडीत पोहायला शिकलो. तो फौजेत भरती झाला तेव्हा मी स्टेशनात, अरुंद रुळावरच्या छोट्या गाडीवर, त्याला पोचवायला गेलो होतो. म्हणाला, "तू बैलाच्या बंड्या बनव, मी लोखंडाची हाकलतो." पुढं त्यानं खरंच एका पत्रात आपल्या गाडीचं पेन्सिलीनं चित्र काढून पाठवलं. लांबी, उंची, चाकाचा घेर, सगळं लिहून. त्याला माहीत होतं मला मापं आवडतात. त्याच कागदावरून मी पुढं ही गाडी केली.

सदाची पत्रं मायच्या नावानं यायची आणि वाचायचो मी, कारण तिला अक्षर येत नव्हतं. एकदा वाचून झालं की म्हणायची, "अजून एकडाव वाच." मी वाचायचो. कंटाळा यायचा, पण वाचायचो.

तो काश्मीरच्या लढाईवर गेला. मग बरेच महिने पत्र नाही. अठ्ठेचाळीस साल संपत आलं होतं, धान कापून झाला होता, खळ्यावर चुरणं चालू होतं, तेव्हा एक पत्र आलं. पण ते मायच्या नावानं नव्हतं. माझ्या नावानं होतं. अक्षर परक्याचं — बाजूच्या खाटेवरच्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. बोल मात्र सदाचेच. गाडी पेटली, मी जळलो, वाचलो. डोळ्यावर पट्टी आहे. आता कामठीच्या दवाखान्यात आणलं आहे. मायले सांगू नको. आधी तू ये. माझ्या तोंडाकडे पाह्य आणि खरं सांग, तिले दाखवासारखा मी राहिलो का नाही. तू लबाड बोलणार नाहीस म्हणून तुले बोलावतो.

हे पत्र मी किती वेळा वाचलं असेल? मोजलं नाही. आजही तोंडपाठ आहे.

मी गेलो. हे नीट ऐका, कारण इतकी वर्षं मी स्वतःची समजूत याच एका वाक्यावर घालत आलो — मी गेलो तर होतो. बायकोला सांगितलं, गोंदियाला बंडीच्या चाकाला लोखंडी धाव आणायला जातो. तिनं लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले. सदाला ते फार आवडायचे. वाटलं, त्यालाच देऊ. छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं कामठी. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मनात फार गोड वाटत होतं मला. मी किती चांगला मित्र आहे असं वाटत होतं. तेही लिहून ठेवतो.

दवाखाना विचारत विचारत गेलो. सदाचं नाव सांगितलं. कोणीतरी हातानंच एका लांब खोलीकडं दाखवलं. दारात पोचलो.

आधी वास आला. तो कसला होता हे सांगायला मी दहा शब्द शोधले आणि दहाही पुसले. औषधाचा, पुवाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक. होळीत चुकून केस जळावेत तसा, पण ओला. तिसऱ्या खाटेवर एक माणूस बसला होता. डोळ्यावर पट्टी. नुकतीच बाकीची पट्टी सोडली होती बहुतेक, कारण खालचं सगळं उघडं होतं. ओठ एका बाजूला नव्हताच. दात दिसत होते. कातडी तापल्या लाखेसारखी ओघळून गळ्यापर्यंत येऊन थांबली होती. कान — असो. मांडीवर हात ठेवून बसला होता. हात मी ओळखले. हात सदाचे होते.

मला दया आली का? नाही. रडू आलं का? नाही. मला किळस आली. पोटातून आली, जशी सडक्या जनावरावर पाय पडला की येते. माझा सोबती, ज्याच्या उष्ट्या ताटात मी जेवलो आहे — आणि मला वाटलं, हा मला हात लावेल. हा उठून मला मिठी मारेल, ते तोंड माझ्या खांद्यावर टेकवेल. एवढंच वाटलं. दुसरं काही नाही.

एक शिपाई खाटांमधून आला. म्हणाला, "किससे मिलना है? इनके गाँव से हो?"

इथं मी लिहिणार होतो की मी काही न बोलता परतलो. तसं लिहिलंही होतं, खोडलं. मी बोललो. म्हणालो, "नहीं, मैं दूसरे को ढूँढ रहा हूँ."

आवाज ऐकून सदानं मान वळवली. नेमकी माझ्या दिशेनं. "गोविंदा?" ओठ नसल्यानं माझं नाव अर्धं हवेतच गेलं, पण माझंच होतं. "गोविंदा होय ना रे?"

शिपाई माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघून मान हलवली — नाही. आणि निघालो. पळालो नाही, चालत निघालो, पायांचा आवाज होऊ नये म्हणून सावकाश. मागून सदा त्या शिपायाला सांगत होता, "आवाज त्याचाच होता. इकडेच येऊन राहिला असन. पाहा न भाऊ, वाट चुकला असन तो."

वाट चुकला असन. हे त्याचं माझ्याबद्दलचं म्हणणं. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

मग स्टेशनात गाडीची वाट बघत बसलो. भूक लागली. तुम्हाला खरं वाटेल का, मला भूक लागली होती? फडकं सोडलं आणि ते वडे खाल्ले. सगळे. चांगले झाले होते. गोंदियाला उतरून चाकाची धाव विकत घेतली, कारण बायकोला तसं सांगितलं होतं.

गावात कोणाला काही बोललो नाही. मनाशी म्हणालो, पुढच्या आठवड्यात परत जातो, थोडं बरं होऊ दे तोंड. पुढच्या आठवड्यात म्हणालो, चुरणं आटपू दे. मायच्या अंगणावरून जाताना ती रोज विचारायची, "पत्र आलं का रे?" मी म्हणायचो, नाही मायं.

तीन आठवडे झाले असतील. सरकारी कागद आला, इंग्रजीत. तिनं माझ्याच हातात दिला. मी स्टेशन मास्तरांकडं नेला, एकटाच. त्यांनी वाचून अर्थ सांगितला — दवाखान्यात मृत्यू, जवळचं कोणी हजर नसल्यामुळं अंत्यविधी फौजेनं केला. मास्तर म्हणाले, अरेरे, कामठीच तर होती, इतक्या जवळ, तुम्हाला कोणी कळवलं नाही? मी म्हणालो, नाही. त्यांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली. ते गेले तेव्हा मला हलकं वाटलं.

आणि मायला काय सांगितलं? सांगितलं की सदा लढाईत गेला. गाडीतच, जागच्या जागी. दवाखाना सांगितला असता तर तिनं विचारलं असतं, मले काऊन नाही नेलं? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी तिच्या लेकाचं मरणसुद्धा बदललं.

त्यानंतर मी गाडी करायला घेतली. चार महिने लागले. लोकांना वाटलं, दुःखानं करतो आहे. मला काय वाटत होतं? हात चालू असले की कान बंद राहतात, एवढं खरं. पण आणखीही एक खरं आहे — मला मजा येत होती. बुरजाची गोलाई जमली त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गाडी मी मायच्या घरी नेऊन ठेवली. तिनं आधी हळदकुंकू लावलं. मग झाकण उघडून आत बोट घातलं. "यात कुठं बसे माहा सदा?" मी दाखवलं. ती बराच वेळ बोट तिथं ठेवून बसली. मग म्हणाली, "दुखलं असन का रे त्याले?"

"नाही मायं. त्याले समजलंच नसन."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

त्या दिवसापासून ती मला लेक म्हणू लागली. मी तिचं छप्पर शाकारून द्यायचो, लाकडं फोडून द्यायचो. ते प्रायश्चित्त होतं असं समजू नका. ते करताना आळीतलं कोण बघतंय, इकडं माझं लक्ष असायचं.

तीन वर्षांमागं ती खाटेला लागली. शेवटी शेवटी एकदा मला जवळ बसवून म्हणाली, "गोविंदा, सदाचं तोंड मले आता याद येत नाही. लय आठवतो, येत नाही. तू त्याचा सोबती. तू सांग न कसं होतं."

सांगता आलं असतं तेव्हा. ती जाणारच होती. तिला तिचा लेक खरा कसा गेला, कोणाला हाका मारत गेला, हे कळण्याचा हक्क होता. मी सांगितलं — नाक सरळ, डाव्या भुवईवर विळ्याचा वण, हसला की गालाला खळी. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मान डोलवत होती. मी सांगत होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच तोंड होतं, दात उघडे असलेलं.

अग्नी मी दिला. लोक म्हणाले, सख्खा करत नाही इतकं केलं. गाडी माझ्याकडं आली.

मागच्या आठवड्यात नवे शिक्षक बघायला आले होते. त्यांनी विचारलं, तुमचे मित्र कसे गेले? जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही. म्हणालो, "गाडीतच. जागच्या जागी." मग त्यांना बुरूज फिरवून दाखवला, आणि त्यांनी कारागिरीचं कौतुक केलं तेव्हा मान खाली घातली.