मागाचं तेल आणि जीपचे ब्रेक

जांबोटीच्या पलीकडच्या गावांना दिवसातून धड एक बस मिळत नाही. हा अन्याय आहे, आणि ज्यांना तो अन्याय वाटत नाही त्यांनी एकदा तिथून पावसात चालत यावं. हे मी पत्रकात लिहिलंय, सभेत बोललेय, आता इथंही सांगते. ही पत्रकं वाटत त्या डोंगरात फिरायला गाडी हवी होती, आणि गाडी म्हणून आमच्याकडं होती ती वडगावच्या घरासमोर उभी असलेली जुनी जीप. चढ बिनतक्रार चढायची. उतारावर थांबायचं मात्र मनावर घ्यायची नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला. "रविवारी भंगारवाला येणार हाय. त्याच्या आत गाडी थांबाय लागली तर ठेवतो. न्हाईतर गेली."

"ही हुकूमशाही आहे," मी म्हणाले.

"व्हय," असं म्हणून ते कापड विणायचा माग चालू करायला आत गेले.

माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, लेथवर काम करतो. त्यानं पुढची चाकं उतरवून कॅलिपर काढले. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी दोन्हीकडून आवळणारा जबडा. त्याच्या पोटात पिस्टन असतो, तो सरकला की ब्रेक लागतो. आमचे पिस्टन गंजून जागा धरून बसले होते, कचेरीतल्या साहेबासारखे. ते बाहेर काढायला पंक्चरवाल्याचा हवेचा पंप दारात आणून हवा मारायचं ठरलं. सुटलेला पिस्टन कुठं आदळू नये म्हणून मध्ये लाकूड देतात. अण्णानं मागाचा, आडवा धागा नेणारा मोडका लाकडी धोटा दिला. हवा सोडली, काही नाही. आणखी सोडली. मग असा बार झाला की समोरची काकू पदर सावरत बाहेर आली.

"काय फुटलं रं?"

"कायबी न्हाय काकू," अण्णा माझ्याकडं बघत म्हणाला. "क्रांती झाली."

गंज घासून काढला. नव्या रबरी रिंगा ब्रेक ऑईलमध्ये बुडवून अण्णानं माझ्याच एका पत्रकावर मांडल्या. "तुझं पत्रक पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला आलं बघ." मी त्याचा निषेध नोंदवला. आम्ही जेवून आलो, त्यानं रिंगा बसवल्या, आणि मग नळीतली हवा काढायची म्हणून मला ब्रेकच्या पॅडलवर बसवलं. तो गाडीखालून ओरडायचा, "दाब. धर. सोड." घोषणा देणारी मी, आणि मलाच कुणीतरी घोषणा देत होतं.

शनिवारी संध्याकाळी गल्लीत जीप चालवली. पाय ठेवताच थांबली. मी आप्पांकडं बघितलं. ते परत मागाकडं वळले.

रविवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून मी जीप चालू केली, गिअर टाकला. जीप गुरगुरली आणि जागची हलली नाही. काल आवळलेला ब्रेक सुटतच नव्हता.

भंगारवाल्यानं दोर बांधला. टेम्पोनं ओढलं, जीपचे पुढचे टायर रस्त्यावर काळे फराटे ओढत हातभर घसटले आणि दोर तुटला. तो दुसरा दोर काढायला लागला तशी मी मध्ये उभी राहिले.

"आप्पा, अट थांबायची होती. हलायची नव्हती. थांबली का नाही?"

"थांबली तर हायच, ताई," भंगारवाला तुटका दोर गुंडाळत म्हणाला. "मलाबी दाद देईना."

आप्पांनी वाकून फराट्यांवरून बोट फिरवलं. "थांबली म्हणजे थांबली," ते म्हणाले. भंगारवाल्याला चहा मिळाला, जीप नाही.

अण्णानं परत सगळं खोललं. रिंगा भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगून पिस्टनला आवळून बसल्या होत्या. त्यानं एक नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी. मागाचं तेल. आमच्या घरात ते तेल दाराच्या बिजागरीला चालतं, शिलाई मशिनीला चालतं, सायकलच्या चेनला चालतं. सगळं घरच त्या वासाचं, म्हणून बसवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. ब्रेकच्या रबराला तेवढं ते सोसत नाही.

आम्ही आप्पांकडं बघितलं.

"तुमी लई पातळ तेल लावलतं," ते म्हणाले. "तुमी जेवाय गेलता तवा एकेक थेंब सोडला. म्हटलं, पोरांची गाडी थांबू दे."

"म्हणजे तुम्हाला गाडी ठेवायचीच होती. मग भंगारवाला कशाला बोलवला?"

"त्याच्याबिगर तुमी हात लावला असता व्हय गं?"

नव्या रिंगा बसेपर्यंत अण्णानं तेलाची बुधली काकूकडं ठेवायला दिली.

जांबोटीला निघालो तेव्हा अण्णा चालवत होता, शेजारी आप्पा, मागं पत्रकांच्या गठ्ठ्यात मी. प्रत्येक उतारावर अण्णानं ब्रेक लावला की आप्पांचाही पाय मोकळ्या पत्र्यावर दाबला जायचा. वळण सरलं तरी पाय तिथंच.

"आप्पा," अण्णा म्हणाला, "सोडा आता."