मळवलीतली गुप्त बैठक

मी ज्या कंपनीत काम करतो ती इंटरनेटवरची एक आडवाट भाड्याने देते. त्या वाटेने गेलं की तुम्ही कुठे गेलात, काय पाहिलंत, हे कुणाला कळत नाही; आम्हालाही नाही. आमचे ग्राहक म्हणजे काही पत्रकार, काही वकील, नवरा फोन तपासतो अशा काही बायका, आणि बरेचसे असे की ज्यांना फक्त परदेशातली क्रिकेट मॅच बघायची असते. त्यांच्या तक्रारींना मराठीतून आणि हिंदीतून उत्तरं देणं हे माझं काम. "माझं नाव तुमच्याकडे नाही ना?" असं कुणी विचारलं की मी लिहायचो, "नाही, आणि कधी नसेल." लिहिताना मला स्वतःचा जरा अभिमानही वाटायचा, हे कबूल करतो.

मग सरकारचा नियम आला. अशी आडवाट चालवणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर घ्यायचा आणि वर्षानुवर्षं जपून ठेवायचा. आमच्यापुढे दोनच मार्ग उरले: नावं घ्यायची, किंवा इथला सर्व्हर बंद करून तो देशाबाहेर हलवायचा. हलवला तर तक्रारींचं कामही तिकडेच जाणार आणि माझी नोकरी सुटणार, हे जवळजवळ ठरलेलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं? खरं सांगतो, नियम वाचला त्या दिवशी मला फक्त माझी काळजी वाटली. ग्राहक दुसऱ्या दिवशी आठवले.

कंपनीत आम्ही तिघंच. मालकीण माझ्या निम्म्या वयाच्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम. तिसरा सर्व्हर सांभाळणारा दाढीवाला. तो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोची टिकली लावून ठेवतो. हे बोलणं फोनवर नको आणि तळेगावच्या ऑफिसातही नको, म्हणून मॅडमनी मळवलीत एक बंगला दिवसभरासाठी घेतला. बैठक गुप्त होती.

फाटकावर बंगला सांभाळणाऱ्या मावशी उभ्या होत्या.

"समद्यांची आधार दावा. फोटू काढायचाय."

"मावशी, आम्ही नुसतं बोलायला आलोय," मॅडम म्हणाल्या. "राहणार नाही."

"बोलाया आलेलेच लय दंगा करत्यात. पोलिसांनी सांगितलंय, आन् मालक तिकडं मुंबईत बसून कॅमेऱ्यात बघत्यात. तुमाला असंच आत सोडलं तर माजं काम जाईल."

दाढीवाल्याने वर पाहिलं. कॅमेरा त्याच्याकडेच बघत होता. त्याने टोपी नाकापर्यंत ओढली.

मॅडम आधार देईनात, मावशी फाटक उघडेनात. शेवटी मॅडमनी जाहीर केलं की बैठक बाहेरच होईल. आम्ही कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ओळीने बसलो. तत्त्वासाठी इतकं करणाऱ्या माणसांबरोबर आपण काम करतो, या विचाराने मला भरून आलं.

पण निघताना मी दोन वेळा चहा घेतला होता, आणि मला मधुमेह आहे. समोर भातखाचरं, त्यात बायका लावणीला वाकलेल्या; आडोसा म्हणून एक झुडूपही नव्हतं. घरून फोन आल्याचं नाटक करून मी फाटकाकडे सरकलो आणि मावशींच्या हातात गुपचूप आधार ठेवलं.

त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. मळवलीतल्या बंगले सांभाळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. आलेला पाहुणा कोण, हे सगळ्यांनी सगळ्यांना कळवायचं, म्हणजे एका बंगल्यात धिंगाणा घातलेला माणूस दुसरीकडे खपत नाही. हे मला मावशींनी नंतर सांगितलं. त्या वेळी मी आत पळालो होतो.

परत आलो तेव्हा चर्चा तापली होती.

"नावं ठेवू ना," दाढीवाला म्हणत होता. "कुलपात ठेवू. कोण बघणारे? मला तुरुंगात जायचं नाही."

"ठेवली की कुणीतरी मागणारच," मॅडम म्हणाल्या. "काका, तुमचं काय मत?"

दोघं विरुद्ध बाजूंना, म्हणजे माझ्या मतावर निकाल. घरून मी ठरवून आलो होतो: नावं घ्यायची. तोंड उघडणार, तेवढ्यात दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल समोर येऊन थांबली. वर पलीकडचा बंगला सांभाळणारे एक आबा.

"वराळ्याचे ते तुमीच नव्हं?" त्यांनी मला विचारलं.

"हो. तुम्हाला कसं..."

"फोटूत बारीक व्हता. आता लय सुटलाय की! तुमच्या बिल्डिंगीतच आमचा जावई ऱ्हातो. सांगू का त्याला, हितं उनात बसलाय म्हनून?"

मॅडम हळूच माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही आधार दिलंत?"

"बाथरूमला जायचं होतं."

दाढीवाला इतका हसला की त्याची टोपी खाली पडली, नेमकी कॅमेऱ्यासमोर.

"काळजी करू नगा," आबांनी मला धीर दिला. "आमी भाईर कुणाला सांगत न्हाई. गावातल्या गावात ऱ्हातंय."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मावशींच्याही नव्हतं. तरी अंगावरचा शर्ट कुणी काढून नेल्यासारखं मला वाटत होतं. आणि आमचे ग्राहक मी लिहिलेल्या "कधी नसेल"वर विसंबून निर्धास्त झोपत होते.

"नावं नकोत," मी म्हणालो.

"काका, सर्व्हर गेला तर पहिली तुमची खुर्ची जाईल," दाढीवाला म्हणाला.

"माहीत आहे."

हे धीराने बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. पण आवाज इतका बारीक निघाला की आबांनी "काय म्हनला?" विचारलं, आणि मला सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. लावणीच्या बायकांनीही मान वर करून ऐकलं.

संध्याकाळी वराळ्याला पोचेपर्यंत बायकोला कसं सांगावं याची वाक्यं जुळवत होतो. ती दारातच उभी होती.

"भिंतीवर बसून नोकरी घालवलीत म्हणे?"

मळवलीच्या तिच्या मावसबहिणीचा फोन येऊन गेला होता.

"अजून गेली नाही," मी म्हणालो. "सर्व्हर हलेपर्यंत आहे."



"म्हणजे उद्या डबा द्यायचा?"

"द्यायचा."

"मग हात-पाय धुऊन घ्या," असं म्हणून ती कणीक भिजवायला आत गेली.