मेणाची होडी

माझा हात तोंडाच्या आधी चालतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूसुद्धा माझ्याशी जपूनच बोलते.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर नवऱ्याची होडी वादळात अडकली, तेव्हा मी मोत मावलीला नवस बोलले. खारदांड्याचे आम्ही कोळी, हिंदू. देव्हाऱ्यात एकवीरा, आणि वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमधली मावलीही आमचीच. नवरा जिवंत परतला. रविवारी जत्रेत वाहायला मी मेणाची होडी आणली. ती पोरीच्या हातून वाहायची होती, कारण बापासाठी अन्नपाणी सोडून बसली होती तीच.

जत्रेच्या आधीच मूल्यशिक्षणाच्या तासाला तिच्या सहावीच्या सरांनी सांगितलं, उद्या प्रत्येकाने आपापल्या धर्माची एक वस्तू आणायची. धडा सर्वधर्मसमभावाचा. पोरगी मला न विचारता होडी घेऊन गेली.

अंधेरीच्या बाजारात मी मासळी विकायला बसते, शाळा मागच्याच गल्लीत. पोरीची मैत्रीण धावत आली.

"मावशी, चल ना लवकर! सर तिला लय मारतायत!"

वर्गात शिरले तर होडीचा चुरा सरांच्या बुटाखाली. पोरीचा हात बाकावर दाबून ते लाकडी पट्टीच्या कडेने बोटांवर हाणत होते.

"हे आपलं नाही! बोल, आपला धर्म कोणता?"

"हिंदू," ती रडत म्हणाली, "पन मावली आमचीच हाय."

पुन्हा पट्टी. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला.

पुढचं मी शुद्धीत केलं. खवल्यांनी भरलेल्या हाताने त्यांची कॉलर धरली, तीच पट्टी हिसकावली आणि ती तुटेपर्यंत त्यांना झोडपलं. भिंतीवर सगळ्या धर्मांची चिन्हं रंगवलेली होती, तिच्यावर त्यांचं डोकं आपटलं. चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दोन्हीकडून हात उचलला गेलाय, इथेच मिटवा." सरांना दुसऱ्या शाळेत पाठवलं. दांड्यात बायका म्हणाल्या, "झकास केलंस गं!" आणि मीही चार दिवस ताठ मानेने फिरले.

रविवारी पोरीला घेऊन जत्रेला गेले. तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. टेकडीखालच्या एका म्हाताऱ्याकडून नवी होडी घेतली. तो तिला मायेने म्हणाला, "बाळा, हात पुढे कर."

पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. डोळे घट्ट मिटले आणि भराभर बोलली, "आमची नाय ती. नाय सर, आमची नाय."

माझी मूठ आपोआप वळली. समोर होडी धरलेला म्हातारा होता आणि माझी पोर होती. मारायला कोणीच नव्हतं.