सारामावशीचा उंबरा

सारामावशीला घर नव्हतं, पण घराची चौकट होती. उंबऱ्यासकट सागवानी चौकट, ती राहायची त्या पत्र्याच्या शेडला टेकवून ठेवलेली. दर रविवारी मावशी तिला तेल लावायची. आटपाडीकडच्या त्या माळावरल्या शाळेत मी बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या उंबऱ्यावर टेकायला गेले आणि ती केवढ्यानं ओरडली! "आवं बाई, उठा! त्यो माघारी जायाची वाट बघतोय."

कोयनेच्या धरणात तिचं गाव बुडालं. गावातल्या दोन-चार ख्रिस्ती घरांपैकी हे एक. मुलगा, सून आणि ही चौकट घेऊन विधवा मावशी इकडे आली. भिंती बांधायचा विषय निघाला, की ती डोळे मिटून आपलं वचन म्हणायची. वाचता येत नसल्यानं लहानपणी ख्रिस्ती देवळातल्या मास्तरांकडून ऐकून पाठ केलेलं हे एकच वचन: देव आपल्या माणसांना जिथून नेलं तिथं माघारी आणील.

"त्यानं शबुद दिलाय. हितं भिती घातल्या तर म्हणंल, सारीचा माझ्यावर इस्वास न्हाई."

तुझ्या हट्टाला भिऊनच पाऊस इकडे फिरकत नाही, असं मी तिला चिडवायची. "पाऊस आमच्यासंगं आलाच न्हाई, बाई," ती म्हणायची. "त्यो तिकडंच ऱ्हायला."

एका चैत्रात पत्रा तव्यासारखा तापला. सुनेची, लीलाची, तान्ही मुलगी मलूल पडली, दूध ओढेना. लीलानं गाठोडं बांधलं. "मी रहिमतपूरला आईकडं चाल्ले. भिती उभ्या ऱ्हातील तवाच येईन."

मावशी वचन म्हणू लागली. लीला चार इयत्ता शिकलेली. तिनं पेटीतलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढून ते पान उघडलं. "आत्याबाई, ह्येच्या वरचं बी ऐका की." आणि तिनं वाचलं. त्याच पानावर, थोडं वर, परमुलखात नेलेल्या त्याच लोकांना देव सांगत होता: तिथं घरं बांधा, बागा लावा, लेकरं वाढवा.

"परत वाच," मावशी म्हणाली. लीलानं परत वाचलं. मावशी पदरानं नातीला वारा घालत राहिली. मला तिची फार कणव आली.

"आदी घर, मग माघारी. असं हाय व्हय?" ती शेवटी म्हणाली. "आमच्या मास्तरानं मला निम्मंच शिकवलं की गं. सोड ते गाठोडं."

भिंती उठेपर्यंत लीला आणि बाळ माझ्या दगडी खोलीत राहिली. बाळ तिथं हळूहळू सावरलं. चौकट बसवताना गवंडी म्हणाला, "मावशे, दार उगवतीला करू." कोयना मावळतीला. मावशी म्हणाली, "न्हाई गड्या, मावळतीला कर. बोलावणं आलं, तर वळायला नगं." दाराशी तिनं डाळिंबाचं रोप लावलं.

बोलावणं काही आलं नाही. माझी लोणंदला बदली झाली. मावशी गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेले, तर तीच नात आता मोठी होऊन उंबऱ्यावर डाळिंब सोलत बसलेली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं ऊठ, मावशी ओरडेल."

"बसू द्या, बाई," लीला म्हणाली. "पुढं पुढं आत्याबाईच तितं बसायच्या, हिला मांडीवर घिऊन."