गंगाक्काची मूठ

मी आज जो काही आहे, तो सर्वांत जास्त गंगाक्कामुळे आहे. मुरुमजवळच्या आमच्या गावात तिचं रान आमच्या बांधाला लागून होतं. माणसांशी ती मराठीत बोलायची, बियाशी मात्र कानडीत. तिफणीच्या चाड्यात दाणे सोडताना म्हणायची, "एळप्पा, एळु." ऊठ बाबा, ऊठ.

आई गेल्यावर आमच्या चाड्यावर मूठ धरायचं, म्हणजे तिफणीमागं चालत दाणे सोडायचं काम माझ्याकडं आलं. नळदुर्गच्या शाळेत नाव घातलं होतं, पण पेरणीला अण्णांना, माझ्या वडलांना, माणूस हवा होता. गंगाक्का येऊन म्हणाली, "अण्णा, मूठ मी धरते. पोरगं जाऊ द्या." तेव्हापासून आधी आमचं रान पेरायची, मग स्वतःचं.

एका साली पाऊस गेला, पीक बुडालं. पुढच्या पेरणीला हैदराबादच्या सरकारनं मदत म्हणून भुईमुगाचं नवं बियाणं फुकट दिलं. अट एकच, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. गंगाक्काच्या गाडग्यात घरचे दाणे मूठभरच उरले होते. मदत मिळाली नसती तर तिचं रान पडीकच राहिलं असतं.

पेरणीच्या दिवशी तपासणीला महसुलाचे गिरदावरसाहेब बांधावर हजर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तिनं घरचे दाणे सरकारी बियात ओतायला गाडगं कलतं केलं. साहेब ओरडले, "ये मिलावट क्यों?" शिपायाला सरकारी बियाचं पोतं उचलायला सांगितलं.

गंगाक्कानं गाडगं सावरलं, पण मागं सरली नाही. "साहेब, हे बी परगावचं. आमची माती त्याला ठावं न्हाय. घरचं बी संगट असलं म्हंजे बुजायचं न्हाय. नवी सून आली तर तिला एकलीला घरात सोडतो का आमी?"

साहेबांना मराठी येत नव्हतं. गावच्या पाटलांनी उर्दूत सांगितलं, "चूक झाली हुजूर, माफी मागते."

"का हो पाटील," ती म्हणाली, "म्या एवढं बोलले, बाकीचं गिळलं व्हय?" लोक हसले. मी सुट्टीला गावी आलो होतो. तिनं मला पुढं ओढलं. "शिवा, तू सांग. सुनेचं बी सांग."

शाळेतल्या उर्दूत मी सगळं सांगितलं, सुनेसकट. साहेब म्हणाले, घरचं बी बांधाच्या कडेला वेगळं पेरा, यात मिसळू नका.

"कडंला तर कडंला," गंगाक्का म्हणाली, "पण रान एकच." पोतं परत खाली आलं. तिफण चालू लागली.

त्या संध्याकाळी ती अण्णांना म्हणाली, "ह्याला आता बैलामागं उभं करू नका. ह्याच्या तोंडातनं दुसऱ्याचं बोलणं सांडत न्हाय."

पुढं मी हैदराबादला शिकलो. पदवी मिळाली त्या दिवशी पहिलं पत्र तिला लिहिलं. वाचून दाखवायला पाटलांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून सुरुवात अशी केली:

"पाटील, हे पत्र गंगाक्काला सगळं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

गंगाक्का, साष्टांग नमस्कार. मी बी.ए. झालो. आमच्या घरात आजवर कोणी झालं नव्हतं. इथं कचेरीत काम मिळतंय. खेड्यातला माणूस साहेबापुढं बोलतो, ते मी साहेबाला सांगायचं. सगळं सांगेन.

पण पेरणी झाल्यावरच रुजू होणार आहे. यंदा मी येतो. दोन्ही रानांत मूठ मी धरीन. तुम्ही बांधावर बसा. दाणे दाट पडले तर ओरडा. बियाशी तेवढं तुम्हीच बोला, मला कानडी येत नाही.

तुमचा शिवा."